चैतालीचं भांड्यांचं प्रदर्शन

माझी नात चैताली चित्रं काढते. गंगापूर रोडच्या आमच्या मळ्यात शेवंतीच्या जुड्या बांधायची शेड होती. फुलं कमी झाली तशी ती तिनं आणि तिच्या दोस्तांनी मागून घेतली, चुन्यानं पांढरी केली आणि आत प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. चित्रं लावणारी पाच जणं, बघायला येणारीही तीच पाच. मी जायचे, पण मी घरची, म्हणून मला मोजत नसत.

शेवटी माझा मुलगा देवराम, म्हणजे तिचा बाप, म्हणाला, "आता एकदाच. गल्लीतलं माणूस फिरकलं नाय, तर शेड टाइल्सवाल्याला देतो."

त्या एकदासाठी चैतालीनं पोर्तुगालहून इनेस नावाची बाई बोलावली. दुसऱ्यांची प्रदर्शनं मांडून देणं हेच तिचं काम. ठरलं असं, की आमच्या गल्लीतली नाव घातलेली स्टीलची भांडी एका भिंतीला आणि तिनं तिकडच्या घरांतून आणलेली समोरच्या भिंतीला. चैतालीनं दारोदार जाऊन भांडी मागून आणली. इनेसनं ती चकाकीप्रमाणं लावली. सुरेख दिसत होती, खोटं कशाला बोलू.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बायका आपापलं भांडं बघायला आल्या. धोंडाबाईची कळशी तिची जाऊ भागुबाई हिच्या डब्याला टेकलेली. शेताच्या वाटणीपासून दोघींचं बोलणं नाही. धोंडाबाईनं कळशी उचलली आणि पार खिडकीत नेऊन ठेवली. ते बघून शेजारची सुवर्णा म्हणाली, "माझ्या माहेरची परात खाली आणि सासूबाईंची घागर वर? घरात सोसते तेवढं पुरे हाय." घटकेत सगळी भिंत इकडची तिकडं.

इनेस लालबुंद. तिनं चैतालीला इंग्रजीत काय ते विचारलं. आमची ही पोर रिक्षावाल्याशीसुद्धा घासाघीस करत नाही. पण इनेसला जे बोलली, ते तिनं आम्हालाही मराठीत सांगितलं. "भांडी ह्यांची आहेत. ह्या ठेवतील तिथंच राहतील. पटत नसेल, तर मी प्रदर्शनच बंद करते."

शेड गेली, असं मी धरून चालले.

इनेस फुलांच्या रिकाम्या क्रेटवर बसली. मग म्हणाली, "ह्या रोज हलवणार?"

"रोज," चैताली म्हणाली.

"मग मी रोज फोटो काढीन."

आणि रोजच हललं. दुसरीनं आपलं भांडं मागं सरकवलं नाही ना, हे बघायला प्रत्येकीला यावंच लागायचं. येताना साक्षीला शेजारीण घेऊन. समोरची पोर्तुगालची भांडी तेवढी जागची हलली नाहीत. त्यांची इथं भावकी नव्हती.

टाइल्सवाला जागा मोजायला आला, तर दारात चपलांचा ढीग. देवरामनंच त्याला परत पाठवलं. "आता जमणार नाय, शेठ. आत बायका हायत."

आत धोंडाबाई आणि भागुबाई नेमक्या एकाच वेळी आल्या होत्या. बोलणं नाही, म्हणून दोघी इनेसकडं तोंड करून भांडत होत्या.

"हिला सांगा, खिडकी माझी हाय."

"तिला म्हणावं, खिडकी काय सासऱ्यानं लिहून दिली?"

इनेस आळीपाळीनं दोघींकडं बघून मान डोलवत होती, आणि दोघींनाही वाटत होतं, बाईला आपलंच पटलं.