खिशातला फ्यूज

ऊर्जानगरच्या क्लबात वायरमन खुशाल खोब्रागडेच्या सहीशिवाय साधा टेबलफॅनही फिरत नसे. गडी अजून रोजंदारीवरच होता, पण सही ठोकायचा ती साहेबासारखी लफ्फेदार. त्याला कायम करण्याचा अर्ज मात्र शिफारशीची वाट पाहत सेक्रेटरी गुणवंतरावांच्या ड्रॉवरमध्ये दोन वर्षं निजला होता. घरी बायको रुखमा रोज विचारायची, "कवा पक्के होता जी?"

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात गुणवंतरावांच्या मेहुण्याने क्लबातल्या माशांच्या पेटीसाठी सिंगापूरहून सरंजाम पाठवला. हवेचा पंप, रंगीत दिवा आणि पाणी गरम करणारी काचेची नळी. बाहेर शेहेचाळीस डिग्री. मासे आधीच अर्धे शिजलेले.

"भाऊ, मे महिन्यात माशायले हिटर?" खुशाल म्हणाला.

"फॉरेनचा माल आहे, तुले काय समजते? उद्या मोठ्या साहेबाच्या बाईसाहेब, आशाबाई, उद्घाटनाले येऊन राह्यल्या. ‘तपासले, सुरक्षित’ असं तपासणीच्या कागदावर लिवलं आहे म्या. तू फक्त सही ठोक."

खुशालने मासे बादलीत काढले, बटण दाबलं आणि टेस्टरचं टोक पाण्यात बुडवलं. टेस्टरमधला दिवा लाल झाला.

"लागला ना लाइट," गुणवंतराव खूश. "म्हणजे चालू आहे."

"चालू आहे जी, पण करंट पाण्यात उतरून राह्यला. नळीले तडा गेला, अन् प्लगले अर्थिंगची पिनच नाई."

"सिंगापूरवाले मूर्ख आहेत काय?"

"त्यायचं मले मालूम नाई. तुमी एक बोट बुडवा, मी सही करतो."

गुणवंतरावांना एकाएकी आठवलं की आपल्याला सर्दी आहे. मग त्यांनी ड्रॉवरमधून तो अर्ज काढला, टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर पेपरवेट दाबला. "उद्यापर्यंत तुही सही नाई, तर माही बी नाई."

खुशाल मासे पुन्हा पेटीत सोडून, बोर्डाशी दोन मिनिटं खुडबुड करून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी हार झाले, भाषण झालं. खुशालची सही अजून नव्हतीच. गुणवंतराव म्हणाले, गेला उडत, आणि स्वतःच बटण दाबायला वळले. आशाबाई जिवतीकडच्या खेड्यातल्या, लहानपण नाल्यात मासे धरण्यात गेलेलं. इकडे बटण दाबलं आणि तिकडे त्यांनी बांगड्यांसकट कोपरापर्यंत हात पेटीत घातला.

गुणवंतरावांचा चेहरा पिठासारखा झाला. "बाई, हात..." एवढंच निघालं.

"पाणी तं चांगलंच गरम आहे," आशाबाई मासा चाचपत म्हणाल्या. "हिटर चालू आहे का?"

"नाई बाई. हिटर माह्या खिशात आहे." खुशालने चिनी मातीचा पांढरा फ्यूज काढून दाखवला. त्याला वायरमनकी शिकवणाऱ्या अहेरीच्या मुखरूभाऊंची ही शिकवण: लाइन बिघडलेली असली की फ्यूज उपटायचा आणि आपल्याच खिशात ठेवायचा. मग बटणाला कोणाचाही हात लागो.

आशाबाईंनी हात पुसत तपासणीचा कागद मागितला आणि वाचला. "सही काऊन नाई?"

"करतो ना." खुशालने ‘सुरक्षित’च्या पुढे लिहिलं, ‘फ्यूज काढलेला असेपर्यंत’, आणि खाली लफ्फेदार सही केली. "आता भाऊची राह्यली एक."

पेपरवेट उचलला गेला. गुणवंतरावांनी तिथल्या तिथे शिफारस केली, पण हात इतका थरथरत होता की सही जुळत नाही म्हणून अर्ज वरून परत आला. दुसऱ्यांदा सही करताना खुशाल समोर उभा होता, खिशात हात घालून. या वेळी ती जुळली.