आल्त

शेवंतीताई आमच्या भागात आल्या तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. त्या मूळच्या पेडण्याच्या. सरहद्दीपलीकडच्या पोलीस चौक्यांवर हल्ले करणारी तुकडी त्यांच्या हाताखाली होती. मागच्या खेपेला गेलेल्यांपैकी तिघे परतले नव्हते. नवी पोरं हवी होती.

मी फौजेतून पेन्शनीत निघून मांडवगण फराट्याला आलेलो. एक गुडघा अधू, आवाज मात्र शाबूत. आमच्याकडची आठ पोरं तयार झाली, तेव्हा शिस्त लावायचं काम मीच मागून घेतलं.

भीमेच्या वाळूत रोज परेड. महिन्याभरात अशी गत झाली, की मी खोकलो तरी पोरं सावधानमध्ये उभी राहायची. छाती फुगवून मी ताईंना इन्स्पेक्शनला बोलावलं.

पोरं डबल मार्चवर होती. ताई एकदम ओरडल्या, "आल्त!"

शब्द परका, पण आवाज ऑर्डरचा. आठही जण जागच्या जागी खांब. मी मिशीवरून हात फिरवला.

"मेले," ताई म्हणाल्या. "सगळे मेले."

"का हो बाई?"

"आल्त म्हणजे थांबा. तिकडचा शिपाई आधी हे ओरडतो, मग गोळी घालतो. आमचे तिघे थांबले होते. हवालदारसाहेब, तुम्ही मला आठ टार्गेटं करून दिलीत."

मुलाण्यांचा युसुफ फिस्सकन हसला.

"हसू नकोस. पहिला तूच पडलास."

मग उलटी परेड. मी 'थम' म्हणायचं, पोरांनी पळायचं. बांधावर बसलेले गावातले म्हातारे आप्पा ओरडायचे, "हवालदार, तुमचं कुणी ऐकंना झालंय की!" पोरं शिकली. मीच शिकलो नाही. ऑर्डर सोडायची आणि सवयीनं स्वतःच खांब व्हायचं.

"तुम्हांला नेत नाही," ताई म्हणाल्या.

"गुडघा ना?"

"गुडघा नाही. तुम्ही थांबाल."

दौंड स्टेशनवर त्यांना सोडलं. लग्नाच्या वऱ्हाडाला निघाल्यासारखे कपडे, पण कुणी हसत नव्हतं. गाडी हलली तरी कुणी हात केला नाही. ताईंनी मना केलं होतं. मला एवढंच म्हणाल्या, "यावेळी पोरं सगळी परत येतील."

आली. त्याच प्लॅटफॉर्मवर आठही उतरली. त्यांच्यामागं डब्याचं दार मोकळं.

"ताई कुठं हायत?"

"धुकं व्हतं, मामा," युसुफ म्हणाला. "ओढ्यात उतरलो आन् चौकीवरनं आल्त आलं. आम्ही पळालो. मागं बघतो, तर ताई उभ्या."

"पाय मुरगळला का?"

"न्हाई. ताठ उभ्या व्हत्या, तुमच्या सावधानवानी. बंदुका समद्या तिकडंच वळल्या."

पुढे गोवा सुटला. पंधरा ऑगस्टला शाळेच्या परेडचा मान अजून माझ्याकडे असतो. मी 'थम' म्हणतो, पोरं थांबतात, आणि माझा पाय आपोआप एक पाऊल पुढं पडतो. पाहुण्यांत उभ्या युसुफचाही. पोरं खिदळतात. हसू द्या. आमच्या वाटचं थांबणं ताई थांबून गेल्यात.