आधी माणसं बसवा, मग बोल्ट आवळू!

गॅरेजमध्ये फाटके बुश साठतात, तसेच किस्सेही. बुश निदान भंगारवाला तरी नेतो!

उंब्रजला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज. मी मालक, आणि फौजेत गाड्या दुरुस्त करून आलेले सुभेदार माझे भागीदार. सस्पेन्शनच्या कामात आमचा हात धरणारा आसपास कुणी नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्ममध्ये जाड रबराचा बुश असतो. गाडी जॅकवर लटकत असताना त्याचा बोल्ट आवळला, की चाकं टेकल्यावर रबराला पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. म्हणून आम्ही गाडी खड्ड्यावर चाकांवर उभी करतो. सुभेदार खड्ड्यात उतरून ओरडतात, "रोजची मानसं बसवा, मगच आवळीन!"

रोजच्या वजनाला रबर बिनपिळाचं राहावं म्हणून माणसं बसवायची, हा नियम त्यांचा स्वतःचा. मोडायची माझीही टाप नाही.

त्यांचं एकच दुखणं. सख्खा धाकटा भाऊ वसंता भिंतीला भिंत लावून राहतो, पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद. वसंता गाडी आमच्या दारावरून कराडच्या गॅरेजला नेतो. तेव्हा सुभेदार मान वर करत नाहीत, पण हॉर्न बरोबर ओळखतात.

*

सांगलीचे एक हळदीचे शेठ आले. म्हटलं, "शेठ, घरची माणसं?"

"घरची कुठली बसायला! गाडीत हळदच बसती!"

"मग हळद बसवा," खड्ड्यातून आवाज.

पोती चढली. पुढच्या पोत्याला सुभेदारांनी सीटबेल्टसुद्धा लावायला लावला! हळद सांडून अख्खं गॅरेज पिवळं झालं. पुढं आठवडाभर जो येईल तो विचारायचा, "कुनाचं लगीन हाय रं?"

*

पाटणचे एक गुरुजी बायकोला घेऊन आले. सुभेदार म्हणाले, "गुरुजी, डावीकडचा बुश लय खाल्लाय. पुढं शेजारी कोन बसतं?"

बायको म्हणाली, "मी न्हाई बाई. मी मागं बसते."

गुरुजी घामाघूम. शेवटी बोलले, "हेडमास्तर. रोज सोडतो त्यांना."

"आन् मला म्हनता, माहेरी सोडायला पेट्रोल परवडत न्हाई!"

बुश बसला, पण गुरुजींचं सस्पेन्शन गेलं ते गेलंच.

*

कोरेगावच्या एकानं घरच्या घरी बुश ठोकला. अशा बुशवर बाणाची खूण असते, ती आर्मच्या रेषेत धरावी लागते. याचा बाण भलतीकडंच!

"आसा का बसवला गड्या?"

"पूर्वेला तोंड केलंय. शुभ आसतंय न्हवं!"

सुभेदार म्हणाले, "ब्येस. आता गाडी पूर्वेलाच चालव. वळू नगंस!"

*

आणि गेल्या महिन्यात वसंताची गाडी दारावरून पुढं न जाता आत वळली.

सुभेदार खड्ड्यातच होते. वसंता माझ्याकडं बघून म्हणाला, "मालक, कराडात दोनदा बुश घातलं, दोन्ही फाटलं. तुमच्या मिस्त्रीला सांगा."

खालून उत्तर, "गिऱ्हाइकाला सांगा, हुईल."

दोघांमध्ये दोन हातांचं अंतर, आणि मी पोस्टमन!

जुना बुश काढला, नवा प्रेसनं बसवला, आर्म जोडला. उरला शेवटचा बोल्ट. वसंता स्टिअरिंगवर बसला. मागं त्याची बायको आणि दोघा भावांची म्हातारी आई.

"पुढं डावीकडं कोन बसतं, इचारा," सुभेदार म्हणाले.

वसंता आरसा नीट करू लागला. मी पुन्हा विचारलं, तर काच पुसू लागला.

मागून आई बोलली, "कुनी न्हाई बाबा. मला सुदीक बसू देत न्हाई तितं. थोरल्याची जागा हाय म्हनतो."

खड्ड्यात पाना वाजायचा थांबला.

सुभेदार वर आले. पाना माझ्या हातात दिला. चिंधीनं हात पुसले, पँट झटकली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. समोर बघत म्हणाले, "आवळा मालक."

मी खड्ड्यात उतरलो. पाना बोल्टला लावतोय, तोच वरून वसंताचा आवाज आला.

"दादा, दार लागलं न्हाई. परत लाव."