सुरमईच्या पोटातला समुद्र

उमरी स्टेशनावर गाडीत चढले, तेव्हा पिशवीत दस्तीत (फडक्यात) बांधलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा आणि वावडिंगाची पुडी (जंतावरचं आमचं घरगुती औषध) एवढंच होतं. माझी धाकटी लेक शिवलीला लातूरच्या एका कॉलेजात माशांच्या पोटातले जंत शोधते, हे कळल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. आमच्या लिंगायत घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी अंडं फोडलं नाही, अन् ही पोर मासे चिरते! हाताचं तोंडात गेलं म्हणजे?

दुसरा घोर त्याहून मोठा. समुद्रकाठच्या एका संस्थेनं तिला नोकरीला बोलावलं होतं. "माय, तू म्हणशील तसं," असं ती फोनवर म्हणाली. हे गेल्यापासून घरात मी एकटी. लातूर निदान दिवसात गाठता येतं. खरं सांगते, मी तिला 'नको' म्हणायलाच निघाले होते.

नांदेडला एसटी धरली. लोह्याच्या आसपास शेतांत हळद वाळत पडलेली, उन्हात नुसती पिवळीधमक. शेजारच्या बाईनं हरभऱ्याचे ढाळे (ओल्या घाट्यांची डहाळी) पुढं केले.

"कुठं निघालाव, मावशी?"

"लातूरला, लेकीकडं."

"माझं पोरगं हाय तिथं, क्लासला. खोली केलीय, म्या सैपाकाला. तुमची लेक काय करती?"

"मासे चिरती. पोटातले किडे बघती."

घाटे सोलता सोलता तिचा हात थांबला. "आगं माय! अन् तुमच्या गळ्यात तर लिंग हाय!"

"त्याचाच तर इचार करून राहिले, बाई."

ती इतकी हसली, की कंडक्टरनं मागं वळून बघितलं. अहमदपूरच्या खड्ड्यांत दह्याचा डबा उघडला अन् माझा पदर ओला झाला, तेव्हा तर दोघीही हसलो.

लातूरच्या स्टँडवर शिवलीला उभीच होती. वाळली होती, पण डोळे चमकत होते. "माय, आधी बाजारात जाऊ. बर्फातला माल आलाय, उशीर झाला की वाया जाईल."

मासळीबाजाराच्या तोंडाशीच मी पदर नाकाला लावला. विकणाऱ्या चाचांनी तिला बघून पिशवी काढली. मला म्हणाले, "आओ अम्मा! सब लोगां मच्छी लेके जाते, तुमची बेटी कचरा लेके जाती!" पिशवीत सुरमईची (समुद्रातला शिकारी मासा) आतडी होती.

कॉलेजात तिनं ती थाळीत पसरली, पाणी घातलं. पांढरे, दोऱ्यासारखे किडे वेटोळी घालून पडलेले. मी वावडिंगाची पुडी पुढं केली.

"हे दे त्यांला."

"माय, मासा मेलाय!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथल्याच फडक्याला हात पुसायचे सोडून तिनं ते माझ्या भाकरीच्या दस्तीला पुसले. मी ती घडी करून पिशवीच्या तळाला सारली.

मग तिनं सांगितलं, नि मला समजेल असं सांगितलं. माशानं खाल्लेला घास एका-दोन दिवसांत विरून जातो, किडा मात्र महिनोन्‌महिने राहतो. हा किडा आधी तिळाएवढ्या जिवात असतो. तो जीव लहान मासा गिळतो, लहान माशाला सुरमई. एका किनाऱ्याला एक जात, दुसऱ्याला दुसरी. म्हणून किडा ओळखला, की सुरमईनं काय खाल्लं, कुठल्या पाण्यात फिरली, ते कळतं.

"जंत म्हणजे रोगच असं न्हाई, माय. नाना जातींचे किडे सापडले तर समजायचं, समुद्रात अजून खाणारे अन् खाल्ले जाणारे सगळे शाबूत हायेत."

"अन् हौदात वाढलेला मासा?"

"त्याच्या पोटात लई वेळा काहीच सापडत न्हाई. तो कुठं गेलेलाच नसतो ना."

मी खुर्चीवर बसले. सुगी झाली की समुद्र दाखवीन, असं हे दरसाल म्हणायचे. सुगी व्हायची, मग पेरणी यायची. समुद्र म्हणून माझ्यापुढं आज एवढी थाळीच आली होती.

"तिकडं गेलीस तर जित्या सुरमया बघायला मिळतील?"

"होडीवर जायला मिळंल," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता, हळूच.

उमरीपासून घोकत आणलेलं 'नको' माझ्या जिभेवर होतं. तोंडातून आलं, "जा."

तिनं मान वर केली. "अन् तू?"

"माझं काय? भाकरी खाऊन घे आधी. साबणानं हात धू, अन् ते वावडिंगही घे."

"घेते," ती म्हणाली, आणि खरंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला एसटीत बसवलं. गाडी वळेपर्यंत ती हात हलवत होती. परतीच्या वाटेवर हळद तशीच वाळत होती, पण माझं लक्ष लागेना. सारखं मनात यायचं, पुढच्या खेपेला एवढ्याशा वाटेनं ती भेटायची नाही.

घरी येऊन कुलूप काढलं. अंघोळ केली, लिंगपूजेला बसायच्या आधी पिशवी रिकामी केली. तळाला दस्ती होती. उलगडली, तर वास आला. खारा, ओला, कधी न पाहिलेल्या पाण्याचा. ती घराबाहेर टाकून मी पुन्हा अंघोळ करायला हवी होती. पूजा तशीच राहिली. दस्ती मांडीवर घेऊन मी उंबऱ्यात बसून राहिले.