बाटलीला घातलेला मोजा

अमेरिकेतल्या बॉथेलच्या आमच्या ऑफिसात नव्या आयांना दूध काढण्यासाठी एक छोटी खोली आहे. तिथे दुपारी दुसऱ्या टीममधली एक मराठी बाई भेटायची. ती पंपाच्या बाटलीवर लेकीचा पिवळा मोजा चढवायची, डोळे मिटायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणायची, जणू लेक मांडीवरच झोपली आहे.

रजा संपल्यापासून माझं दूध आटत चाललं होतं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बाटलीवरच्या रेषा मला मार्कांसारख्या वाटायच्या. आईने पाठवलेले अळिवाचे लाडूसुद्धा मी अभ्यासासारखे संपवले होते.

एकदा मी रडवेली होऊन म्हटलं, "ताई, उद्यापासून बंदच करते. फॉर्म्युला सुरू करते."

ती हसली. "कर की, त्यात काही पाप नाही. पण अगं, रिझल्ट लागल्यासारखी बाटलीकडे काय बघतेस? दूध तुझ्या लेकाला मिळतं, ही शांतता आपल्याला मिळते. ती तरी घेशील की नाही?"

आणि तिने जोडीतला दुसरा मोजा माझ्या बाटलीवर चढवला.

मी डोळे मिटले. डेकेअरमधला माझा मुलगा समोर आला. पिताना त्याची इवलीशी मूठ माझ्या गळ्याशी उघडते, मिटते. घामेजलेल्या टाळूचा वास येतो. माझे खांदे सैल झाले. पंपाची घरघर हळूहळू लांब गेली, छातीत ओळखीची कळ आली आणि पान्हा फुटला.

किती आलं, ते मी पाहिलंच नाही.