उजव्या रांगेची खीर

ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात लॅब असिस्टंट होते, सौंसरहून रोज बसनं ये-जा. आमचे प्राणिशास्त्राचे सर पीएच.डी. करत होते. मागच्या खोलीत त्यांच्या पांढऱ्या उंदरिणींचे पिंजरे दोन रांगांत मांडलेले. डाव्या रांगेला पेप्टाइडची सुई, म्हणजे प्रयोगशाळेत जुळवलेला प्रथिनाचा इवलासा तुकडा. उजवीला नुसतं मिठाचं पाणी. पेप्टाइडनं म्हातारपण लांबणीवर पडतं का, कॅन्सरच्या गाठी टळतात का, ते पाहायचं होतं. दर सोमवारी एकेकीला उचलून चाचपायचं, हे माझं काम. बाई गं, कसली उत्सुकता असायची! सरांच्या आधी मलाच कळायला हवं होतं.

घरी माझ्याहून उतावीळ माय. तिच्या छातीतली गाठ वर्षापूर्वी नागपूरला काढली होती. मी चपला काढायच्या आत विचारायची, "निंगाली का वं कोणाले गाठ?"

बुद्धपौर्णिमेला कॉलेज बंद, पण उंदरांना सुट्टी कुठली! माय खिरीचा डबा घेऊन थेट पांढुर्ण्याला आली. मी पाणी आणायला गेले आणि परत येते तो काय, बाईसाहेब उजव्या रांगेला चमच्यानं खीर भरवतायत.

"माय, काय करून राहिली तू? त्याईचं खाणं मोजून असते!"

"डाव्याईले दवा हाय. याईले नुसतं मिठाचं पाणी. पौर्णिमेच्या दिवशी कोणाले असं ठेवतेत का?"

माझं डोकंच फिरलं. लपवावंसंही वाटलं, पण दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि वहीत लिहिलं: खीर, फक्त उजवी रांग.

त्या हिवाळ्यात डाव्या रांगेत गाठी कमी दिसू लागल्या, आणि मायची गाठ परत आली. मी सरांपुढे हात जोडले, एक बाटली द्या म्हटलं.

"उंदरांचं माणसाला लागू पडेल का, मलाच ठाऊक नाही. भलतंच झालं तर?" ते म्हणाले.

घरी येऊन मायला सांगितलं आणि ढसाढसा रडले.

"मले नको," ती म्हणाली. "पण उजव्याईले तं दे आता."

"तसं नाही करता येत, माय. एकीकडे दवा नसली तवाच तं फरक समजते."

"मंग खीर देजो."

पुढच्या बुद्धपौर्णिमेला माय नव्हती. सरांना विचारून मी खीर केली. दोन्ही रांगांना एकेक चमचा दिला आणि वहीत तसं लिहिलं.