न दुखणारी काळपुळी

सत्तरच्या दशकातला तो उन्हाळा. सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. एका दुपारी सर्जनसाहेबांची चिठ्ठी आली: मानेवर गळू, आजच चिरायचं आहे, पू तपासून लगेच कळवा.

मी वॉर्डात गेले. मैंदर्गीकडचा एक मेंढपाळ खाटेवर पडला होता. जबड्याखाली रुपयाएवढी काळीकुट्ट खपली, तिच्या कडेनं पाण्याचे फोड, आणि मान थेट छातीपर्यंत सुजलेली. पू कुठंच नव्हता.

त्याची बायको उशाशी बसली होती. आमच्या घरीही कानडी चालायची, म्हणून मी तिला कानडीतच विचारलं, फार दुखतंय का?

"नोविल्ला, अक्का," ती म्हणाली. दुखतच नाही.

तोही घोगऱ्या आवाजात म्हणाला, "व्हय, दुकत न्हाय बगा. नुसतं जड वाटतंय."

एवढं गळू आणि दुखत नाही? मी मेंढरांची चौकशी केली. आठवड्यापूर्वी त्याच्या दोन मेंढ्या चरता चरता कोसळून मेल्या होत्या. त्यानं त्या सोलल्या आणि ओली कातडी खांद्यावर टाकून घरी नेली.

काळी खपली, दुखणं नाही, आणि अचानक मेलेली मेंढरं: ही जनावरांकडून लागणारी काळपुळी असणार. ती मी फक्त पुस्तकात वाचली होती.

फोडातलं पाणी काचेवर घेऊन सुकवलं. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिट, शेवटी लाल रंग. सगळी मेख स्पिरिटमध्ये असते. जाड भिंतीचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, बाकीच्यांचा धुऊन जातो आणि ते लाल दिसतात. काळपुळीचे जंतू जाड भिंतीचे. पण घाईत स्पिरिट जास्तच ओतलं गेलं. भिंगाखाली सगळंच लाल.

शिपाई दारात येऊन म्हणाला, "साहेब ऑपरेशनच्या थेटरात गेले बगा."

मी दुसरी काच केली. या वेळी सेकंद मोठ्यानं मोजले. आता जांभळे, जाडजूड दांडे दिसले, चौकोनी टोकांचे, मालगाडीच्या डब्यांसारखे एकाला एक लागलेले.

मी पळत गेले. साहेब हात धूत होते.

"साहेब, चिरू नका. काळपुळी वाटतेय."

"वाटतेय?"

"जांभळे दांडे आहेत, साखळीत. चिरलं तर जंतू रक्तात पसरतील."

"आणि तुम्ही चुकलात तर, बाई? सूज वाढून त्याचा श्वास अडकला, तर जबाबदार कोण?"

"तुम्ही एकदा बघा," मी म्हणाले.

ते ओल्या हातांनीच आले आणि उभ्यानं भिंगाला डोळा लावला. काच थोडी सरकवून पुन्हा पाहिलं. मग सिस्टरना म्हणाले, "पेनिसिलीनची टेस्ट लावा. सोसलं तर लगेच सुरू करा."

दुसऱ्या दिवशी सूज आणखी वाढली. जंतू मेले तरी त्यांनी आधीच सोडलेलं विष काम करत राहतं, हे मला ठाऊक होतं. पण त्याच्या श्वासाची घरघर वॉर्डाच्या दारापर्यंत ऐकू येत होती, आणि गळ्याला भोक पाडायचं सामान उशाशी मांडून ठेवलं होतं. त्याच्या बायकोनं माझा हात धरला. "अक्का, कापू नका म्हणालीस ती तूच ना?"

"हो," मी म्हणाले. तिनं हात सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरघर थांबली होती. सूज उतरत होती, आणि त्यानं दोन घोट चहा मागून घेतला.

त्याच्या घरी कातडी अजून वाळत पडली होती. हे जंतू कवच करून मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून साहेबांनी जनावरांच्या डॉक्टरांना कळवलं. कातडी जाळणार, हे ऐकून तो कळवळला, "इकायची व्हती की ती!" बायकोनं त्याला कानडीत असं काही सुनावलं की तो गप्पच झाला.

त्याच आठवड्यात माझ्या मनगटावर एक लाल पुळी आली. मेंढपाळाच्या फोडातल्या पाण्याच्या काचा मी उघड्या हातांनी केल्या होत्या. कुणाला न सांगता तीन दिवस मी ती दाबून बघत होते. दुखायची. दर वेळी दुखली की जीव भांड्यात पडायचा. चौथ्या दिवशी ती विरून गेली. त्यानंतर मात्र हातमोजे घातल्याशिवाय मी काचेला हात लावला नाही.